तिजोरीची दुसरी चावी

माझी थोरली बहीण रोहिणखेडला राहते. तिचं माहेरही तेच आणि सासरही तेच. मशिदीच्या मागच्या आळीत दोन घरं सोडून तिला दिलं, आणि मला मात्र जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, देऊळगाव राजाच्या अलीकडच्या एका बाजाराच्या गावात. फोन उचलला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "काय वं, चावी बरी हाय का?" माझी तब्येत त्यानंतर.

तिचंही चुकत नाही. जवळपास चाळीस वर्षांत मी माहेरी एक रात्र राहिले नव्हते. नवऱ्यानं कधी अडवलं नाही. सासूबाईंनी तर नाहीच, मी दोन दिवस नजरेआड गेले असते तर त्यांनी देवापुढं साखर ठेवली असती. मला अडवलं आमच्या गावच्या बँकेनं.

बँक म्हणजे कागदावर पतसंस्था. पण गावानं पहिल्या दिवसापासून तिला बँकच म्हटलं, मग मीही तेच म्हणते. तेव्हा मोठी बँक तालुक्याला होती. तिथं आमच्या भाजी विकणाऱ्या बायांना बाकावर बसवून ठेवत आणि जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणत. बायका बाजाराचे पैसे ज्वारीच्या कोठीत दडवत आणि उंदीर त्याचा हिशेब करत. शेवटी शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी मनावर घेतलं. गिरणीवाला, दोन भाजीवाले, शिंपी, विहाराजवळचे एक तलाठी, आमच्या किराणा दुकानाचे मालक म्हणजे माझे सासरे, अशी माणसं जमवली. घरोघर फिरून भागभांडवल गोळा केलं आणि पीठगिरणीच्या मागच्या खोलीत, आमच्या दुकानाच्या अगदी समोर, बँक उघडली. पहिल्या वर्षी तिथं जाऊन आलेल्या माणसाच्या केसांत पीठ असायचं. सासूबाई म्हणायच्या, "बँकेत गेला का दळायले, काही समजत नाही."

तिजोरी आली ती कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातून, जुनीच, विकत घेतलेली. बैलगाडीतून उतरवली तेव्हा लक्षात आलं की ती खोलीच्या दारातून जात नाही. मोजमाप कोणी घेतलंच नव्हतं, सगळे तिच्या रंगाचीच तारीफ करत बसले होते. मग खोलीची भिंत फोडली, तिजोरी आत ढकलली, आणि भिंत पुन्हा बांधून काढली. आत गेलेली वस्तू पुन्हा बाहेर येणार नाही याची सोय आमच्या लोकांनी आधी केली आणि उद्घाटन मग. हे सगळं मी दुकानाच्या ओट्यावरून पदर तोंडावर धरून हसत बघत होते. शहाण्या बाईनं त्याच दिवशी ओळखलं असतं.

त्या तिजोरीला दोन कुलुपं होती. दोन्ही चाव्या लागल्याशिवाय ती उघडत नसे. गुरुजींनी नियम केला: एक चावी बँकेच्या कारकुनाकडे, दुसरी नोकरीबाहेरच्या माणसाकडे. दोन चाव्या कधी एका घरात राहायच्या नाहीत. दुसरी चावी ज्याच्याकडे असेल त्यानं बँकेचं कर्ज घेतलेलं नसावं आणि पुढंही घेऊ नये. नियम चांगला होता. अडचण एवढीच, की वय झालं म्हणून चावी नको म्हणणारे गुरुजी सोडले, तर बँक काढणाऱ्या प्रत्येकाला कर्ज हवं होतं. त्यासाठीच तर ती काढत होते! गिरणीवाल्याला नवी मोटर, शिंप्याला दुसरं मशीन, भाजीवाल्यांना विहिरीचं खोलीकरण, सासऱ्यांना दुकानाचा माळा. आमच्याच ओट्यावर बैठक बसली होती. तासभर भांडण झालं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि दुसरा म्हणे, "याच्या घरी चावी? यापेक्षा कुलूपच लावू नका."

मी चहा घेऊन आले. गिरणीवाल्यानं कप उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं.

"किराणावाल्याच्या सुनेले द्या न चावी. माहेर दूर, न्यायले कोणी येत नाही. हिले कुठं जायचं असते?"

सगळे हसले, आणि हसता हसताच ठराव झाला. आणि मी काय केलं? हातातला ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि मोठ्या माणसांच्या पाया पडले. मला वाटलं, माझा सत्कार झाला. साताठ माणसं आपल्याला खुंटीला बांधताहेत आणि ही बाई वाकून नमस्कार करते आहे! आज ती समोर आली असती तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला असता.

पण तेव्हा ती फार ऐटीत होती. माहेरून मिळालेला चांदीचा छल्ला पेटीतून काढला, चावी त्यात अडकवली आणि कमरेला खोवली. मग कळलं, एकटी चावी वाजत नाही. न वाजणाऱ्या चावीचा उपयोग काय? म्हणून तिच्याबरोबर कोठीची एक आणि मोडक्या ट्रंकेची एक, अशा दोन निकामी चाव्या जोडल्या. मग मी नळावर पाणी भरायला निघाले की आळीला कळायचं, बँक निघाली. माझी धाकटी जाऊ एकदा म्हणालीच, "बाई, घुंगरू बांधले काय? का आता नाचता बी?" मी तिच्याकडे असं पाहिलं, जशी मी कुठली मोठी साहेबीण आणि ती खेटे घालणारी खातेदार.

पुढं हळूहळू उलगडा होत गेला. बँक सकाळी उघडताना चावी लावायची, संध्याकाळी बंद करताना लावायची. मध्ये कुठं जायचं असेल तर संध्याकाळच्या आत परत. बरं, सुट्टीच्या दिवशी जावं, तर सुट्टीच्याही संध्याकाळी दैनिक ठेवीवाले गल्लीगल्लीतून गोळा केलेली रक्कम घेऊन दारात उभे. ती तिजोरीत टाकायला पुन्हा चावी. चावी दुसऱ्या कोणाला द्यावी, तर गुरुजी सोडून कर्ज न घेतलेलं माणूस गावात सापडेना. नवऱ्यानं स्कूटरला घेतलेलं, जावेनं शिलाई मशीनला. सासूबाईंनी सुद्धा गुपचूप एका म्हशीला घेतलेलं निघालं. सगळ्या गावाला बँकेनं हात दिला होता. हात धरून ठेवलेली मी एकटी.

माहेरी जायचं म्हणजे पहाटेची एसटी धरायची, चिखली, मग बुलढाणा, मग गाडी बदलून घाट उतरायचा. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. माय दारातच उभी असायची. ताट वाढलेलं असायचं. जेवायचं, हात धुवायचे, परतीच्या गाडीकडे पळायचं. एकदा माय म्हणाली, "तू आल्यावानी वाटतच नाही वं पोरी. पोस्टमनच्या गतीनं येतं अन् जातं." मी तिला छल्ला वाजवून दाखवला आणि बँकेत किती खाती झाली ते सांगितलं. ती म्हणाली, "खाती जाऊ दे. तुह्या केसाले तेल कधी लावू मी?" आणि मी, बाईसाहेब, घड्याळाकडे बघत होते.

बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. दोन मुक्काम करीनच. गुरुजी मनानं चांगले. त्यांनी बैठक घेतली आणि दोन दिवस चावी स्वतःकडे ठेवायचा ठराव रीतसर करून घेतला. कर्ज न घेतलेले तेही होतेच, पण वय झालं म्हणून आजवर नको म्हणत होते. मी चावी त्यांच्या हातात दिली तेव्हा कंबर इतकी हलकी वाटली, की लुगडं सुटतं की काय म्हणून दोनदा चाचपून पाहिलं.

चूक माझीच. बाजाराच्या दिवशी निघाले. तेही लपूनछपून नाही, तर अंगावर लग्नाची जरीची साडी, डोक्यात गजरा, हातात नवी कोरी सुटकेस. स्टँडवर भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या दहा गावच्या बाया. एकीनं विचारलं, "काकू, कुठं जाऊन राह्यल्या?"

ठसक्यात उत्तर दिलं, "माहेरी. मुक्कामाले."

"आन् चावी?"

मला गंमत सुचली. आयुष्यातली सगळ्यात महाग गंमत. मी सुटकेसवर थाप मारली आणि म्हटलं, "चावी काय, बँकच घेऊन चालली!"

सगळ्या हसल्या. पण हसणं मागच्या पाट्यांपर्यंत पोचलं नाही, वाक्य तेवढं पोचलं. एसटी चिखलीला लागायच्या आत बाजारात बातमी झाली होती, चावीवाली सुटकेस भरून गेली. पाट्या तिथंच टाकून बाया बँकेकडे धावल्या. त्यांच्यामागं पुरुष. गिरणी बंद करावी लागली. प्रत्येकाला आपले पैसे आत्ता, हातात हवे होते. आणि कोणतीही बँक, लहान असो की मोठी, सगळ्यांचे सगळे पैसे एकाच दुपारी हातात देऊ शकत नाही. ते बाहेर कर्जात गेलेले असतात. मोटरीत, मशीनमध्ये, विहिरीत. गुरुजी ओट्यावर उभे राहून चावी उंच धरून दाखवत होते, पण लोक म्हणत, "कोणती चावी हाय ते आमाले काय माहीत? काकू दाखवा."

चिखलीच्या स्टँडवर मी पेरू घेत होते. गिरणीवाला जीप घेऊन आला. त्याच्या मिशांवर पीठ तसंच होतं. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, बसा. काही विचारू नका." मी विचारलं नाही. बसले.

गावात उतरल्यावर मला घरी जाऊ दिलं नाही. गुरुजींनी बँकेच्या ओट्यावर एक लाकडी खुर्ची मांडली आणि म्हणाले, "बाई, इथं बसा. काही करू नका. फक्त दिसत राहा."

मी दिसत राहिले. जरीची साडी, गजरा, कमरेला परत आलेला छल्ला. रांगेतले लोक एक एक करून येत, मला वरून खाली न्याहाळत, लग्नाच्या नवरीला पाहतात तसं. कोणी म्हणे, "हाय वं, इथंच हाय." कोणी म्हणे, "वाजवून दाखवा." मी वाजवून दाखवायची. मग ते रांग सोडून जायचे. दिवस मावळेपर्यंत रांग विरली, बँक वाचली. तिकडे रोहिणखेडला हळद लागत होती आणि माझी माय म्हणे प्रत्येक गाडीच्या आवाजाला दारात येत होती. गजरा सुकून मानेवर गळत होता आणि मी तो काढतही नव्हते. न जाणो, काढताना हात वर गेला आणि कोणाला वाटलं, ही उठली!

ती खुर्ची नंतर कोणी उचललीच नाही. बँक उघडी असली की दुपारचं काम आटोपून मी तिथं जाऊन बसायचं, अशी रीतच पडली. लसूण सोलायचा, मेथी निवडायची, नातवंडं खेळवायची, सगळं त्याच खुर्चीत. एखादे दिवशी ताप आला तर माणसं घरी डोकावून जात. मला वाटायचं, किती माया! जाऊ म्हणायची, "माया कशाची बाई, ठेव बघून जातात."

माय गेली त्या दिवशी माहेरी गेले. पुन्हा जीपनंच, चावी कमरेला, सोबत गुरुजी. संध्याकाळी परत आलो. दैनिक ठेवीवाले दारात उभे होते. त्या दिवशी त्यांनी डोळे वर करून पाहिलं नाही, एवढं मात्र खरं. मी चावी लावली. याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

बँक वाढत गेली. आमच्या भागात शेडनेट आली, मिरची-टोमॅटोचं बियाणं करायला लागले लोक. बाया सकाळपासून जाळीखाली, बी धरावं म्हणून, हातानं फुलाला फूल लावत बसतात, आणि बियाण्याचा पैसा एकदम येतो. तो आमच्याच बँकेत यायचा. पुढं चिखलीला शाखा झाली, बुलढाण्याला कोर्टासमोर झाली. इथं गावात काचेच्या दाराची स्वतःची इमारत झाली. गुरुजी ती बघायला राहिले नाहीत, गिरणीवाला राहिला. जुनी तिजोरी काढायला खोलीची भिंत पुन्हा फोडली तेव्हा तो माझ्याशेजारी उभा होता. "निघाली बे शेवटी!" असं तो तिजोरीला म्हणाला. मी मनात म्हटलं, ती सुटली. आता माझी भिंत कोण फोडतं?

नवीन इमारतीत नवीन तिजोरी आली. ती आकडे दाबून उघडते. मी छल्ला काढून नव्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. पोरगा हुशार, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, ही ठेवा तुमच्याजवळच. आणि खुर्ची मी नव्या पायऱ्यांपाशी ठेवली आहे."

"अरे, ती आता उघडत काय?"

"काहीच नाही. पण शेजारच्या तालुक्यातली एक संस्था बुडाली, तुम्ही ऐकलंच. लोक घाबरलेले आहेत. एवढं वर्ष जाऊ द्या."

ते वर्ष गेलं. त्यानंतरची बरीच गेली. दरवेळी कुठं ना कुठं काही ना काही बुडायचं आणि साहेब म्हणायचा, "एवढा मार्च निघू द्या काकू." मी पायऱ्यांपाशी बसून, काहीही न उघडणारी चावी कमरेला लावून, काहीही न उघडणाऱ्या दुसऱ्या दोन चाव्यांसोबत ती वाजवत राहिले. तिन्ही आता एका जातीच्या झाल्या होत्या. आणि मी चौथी.

या दिवाळीनंतर बहिणीचा फोन आला. या वेळी चावीचं काही विचारलं नाही, तेव्हाच मी खुर्चीत नीट बसले. ती म्हणाली, "माहे गुडघे गेले. आता दोन घरं चालून आपल्या जुन्या घरी बी जाता येत नाही. तू ये. एक रात्र झोप माह्या जवळ. मग काय पाह्यजे ते राखत बस."

मी साहेबाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मार्च निघाला असता. मी जावेला गाठलं. तिची माझी उंची एक, आता पाठीचा बाकही एक. माझी निळी साडी तिला नेसवली, माझा चष्मा घातला, छल्ला कमरेला खोवला आणि म्हटलं, "पायऱ्यांपाशी बस. कोणी बोललं तर खोकल. बाकी तुले काही करायचं नाही. फक्त दिसायचं."

"आन् वाजवायचं?"

"ते तर तुले चांगलंच येते. इतकी वर्षं माही नक्कल करून राह्यली."

सकाळची पहिली गाडी, डोक्यावर शाल ओढलेली, हातात कापडी पिशवी. या वेळी कोणी कुठं जाता विचारलं असतं तर मी दवाखाना सांगणार होते. कोणी विचारलं नाही. घाट उतरताना माझं लक्ष सारखं मागं, की जीप येते का.

ती रात्र बहिणीजवळ काढली. झोपले म्हणणार नाही, दोघींनी बोलू बोलू डोळ्याला डोळा लागू दिला नाही. सकाळी तिनं माझ्या केसांना तेल लावलं. केस ते काय उरलेत, पण तेल वाटीभर घेतलं. तेवढ्यात जावेचा फोन.

"बाई, कोणालेच काही कळलं नाही!" ती खुशीत होती. "दिवसभर लोक राम राम करून गेले. एक म्हातारा तर म्हणाला, काकू, आज तब्येत सुधारल्यावानी दिसते."

म्हणजे चाळीस वर्षं त्या खुर्चीत कोणीही चाललं असतं. निळी साडी आणि खोकला, एवढीच माझी लायकी.

"पण आज मले जमत नाही हो," जाऊ पुढं बोलली. "माह्या भाचीच्या लेकाचं बारसं हाय चिखलीले. तुम्ही आजच या."

आणि माझ्या तोंडातून, विचार करायच्या आत, निघून गेलं, "थांब न वं दोन दिवस. तुले कुठं जायचं असते?"

मग ती म्हणाली, "बाई, हे तर गिरणीवाल्याचं वाक्य."

ती गोष्ट मी तिला इतक्या वेळा सांगितली होती, की ओळखायला तिला वेळ लागला नाही. आधी ती हसली, मग मी. तेल माझ्या कपाळावरून डोळ्यात उतरलं.

"छल्ला खुर्चीच्या हातावर ठेव," मी म्हटलं, "आन् बारशाले जाय."

"आन् लोक?"

"लोकांले रिकामी खुर्ची दिसू दे."

दुपारपर्यंत मी फोन मांडीवर घेऊन बसले. बँक म्हणजे माझ्याच माणसांचा घाम, फुलाला फूल लावून लावून मिळवलेला. ती रांग पुन्हा लागली तर या वेळी कोणाला दाखवून विरवणार? बहीण समोर बसून वांगी चिरत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

फोन आला तो साहेबाचा.

"काकू, लोक आले होते."

"रांग लागली?"

"रांग नाही. साताठ जण. खुर्ची रिकामी का म्हणून विचारायला. पैशाचं कोणी बोललं नाही, ते आता मोबाईलवरच बघतात. तुमचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून आले. मी सांगितलं, माहेरी गेल्या असतील. तर विचारतात, मुक्कामी?"

"मंग?"

"मी हो म्हटलं. म्हणाले, बरं झालं. आणि गेले."

"बरं झालं? एवढंच?"

"एवढंच, काकू."

मला इतका संताप आला, की मी फोन खाटेवर आपटला. बरं झालं! हे आधी कोणाला म्हणता येत नव्हतं? आणि मला तरी कधी विचारता आलं? त्यांना मोबाईल आल्यावर सुचलं, मला बहिणीचे गुडघे गेल्यावर. कमरेला हात गेला, तिथं नुसती साडी होती.

बाहेर बुलढाण्याची गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला. माझे पाय सवयीनं चपलेकडे गेले. बहिणीनं वांग्यातून डोकं वर न काढता विचारलं, "जाऊन राह्यली का?"

"नाही," मी म्हटलं, "चप्पल बाजूले सारून राह्यली."

"सार मंग. आन् लसूण सोल."

मी लसूण सोलायला घेतला. गाडी बराच वेळ उभी होती, मग गेली.